आमच्या पाळीचं पान

आषाढ पौर्णिमा झाली की आमच्या वस्तीतल्या विहारात बुद्धचरित्राचं ग्रंथवाचन सुरू होतं. पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी वंदना होते आणि मग कोणीतरी एक जण माइकसमोर बसून वाचतो. काल जिथे थांबलं, तिथून पुढे. रोज एका घराची पाळी असते. ज्यांची पाळी, त्यांच्यातल्या कोणीतरी वाचायचं आणि खीरही त्यांनीच करून आणायची. आमच्या घरातून इतकी वर्षं मीच वाचत आले, कारण सलग वाचता येणारी घरात मी एकटीच. वडील शाळेत गेले नाहीत. आई लग्नानंतर गावात भरणाऱ्या प्रौढांच्या वर्गात बसली आणि अक्षराला अक्षर लावून वाचायला शिकली. पण चार माणसांत तिने कधी वाचलं नाही.

गेल्या वर्षी आईने विहारात सगळ्यांसमोर सांगून टाकलं की या खेपेला आमच्या पाळीला माझी धाकटी बहीण वाचेल.

मी तेव्हा परभणीला होस्टेलवर होते. बातमी मला धाकटीनेच दिली. ती मेसेज लिहीत नाही, आवाज पाठवते. "ताई, मायनं माझं नाव सांगितलंय. मी भ्यावानं मरायलेय." असं म्हणून ती हसली होती. मी तो आवाज पुन्हा ऐकला. हसणं खरं वाटलं नाही.

माझ्या या बहिणीला वाचता येत नाही. आठवीपर्यंत ती पुढे पुढे सरकत आली, कारण गावच्या शाळेत कोणाला मागे ठेवत नसत. तोंडी काहीही विचारा, ती सांगते. बाजारचा हिशेब तिचा चुकत नाही. कोणाची सोयरीक कोणत्या गावची, हे आईसुद्धा तिलाच विचारते. पण पुस्तक समोर आलं की ती गप्प होते. मी एकदा तिला विचारलं होतं की नक्की काय होतं तुला. ती म्हणाली, "ते सगळे सख्खे भाऊ दिसायलेत मला. कोण थोरला, कोण मधला, कळतच न्हाई. एकाला ओळखून ठिवलं की तवर दुसरा त्याच्यावानीच तोंड करून उभा."

शाळेत कधीमधी येणाऱ्या एका विशेष शिक्षिका बाईंनी आईला सांगितलं होतं की हिचं डोकं चांगलं आहे, हिला वाचण्याचीच अडचण आहे. परभणीच्या सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या, प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलत मिळते. आईने ते सगळं ऐकून घेतलं. पण घरी येऊन म्हणाली, "एकदा सरकारी कागदावर लिहिलं का पुसत न्हाई ते. लेकरू अजून शिकायलंय. आत्ताच कशाला कागद करायचा?" वस्तीतल्या बायकांनी तिला पोखर्णीच्या देवाला नवस बोल, अमक्याकडून ताईत आण, असंही सांगून पाहिलं होतं. त्यालाही ती नाहीच म्हणाली. तिचा विश्वास कागदावर नव्हता आणि नवसावरही नव्हता. तिला फक्त एवढंच वाटत होतं की रोज बसवलं तर एक दिवस ही वाचेल. त्या विश्वासाची मला लाज वाटायची नाही, भीती वाटायची.

भीतीला कारण होतं. धाकटी पाचवीत असताना वर्गात तिला फळ्यावरचं वाचायला उभं केलं आणि पोरं हसली. त्या दिवशी शाळा सुटली, पण ती घरी आली नाही. आम्ही विहिरी पाहिल्या. आई प्रत्येक विहिरीवर आधी मला मागे ढकलायची आणि मग स्वतः वाकून बघायची. अंधार पडता पडता ती वडिलांना तुरीच्या रानात सापडली. दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. वडील तिला रागावले नाहीत. पण तेव्हापासून कोणी तिला चार माणसांत उभं करायचं म्हटलं की त्यांचा आवाज बदलतो.

गावात शाळा आठवीपर्यंतच. नववीला पाथरीला जावं लागतं, जीपने. जून संपत आला तरी वडिलांनी तिचं नाव घातलं नव्हतं. ते पाथरीला अडतीवर हमाली करतात, येता-जाता शाळेवरूनच जातात, तरीही. त्यांचं म्हणणं असं, की जीपची पाटी वाचता येत नाही, बोर्ड वाचता येत नाही, पोरीची जात, कुठे भलतीकडे उतरली तर शोधायचं कुठे? आणि एवढं करून शिकायचं काय? आई वाद घालत राहिली आणि शेवटी म्हणाली, "आपल्या पाळीला ती इहारात वाचील. मग तर घालताल?" वडील म्हणाले, "वाचली तर घालू." आणि पुढे हळूच म्हणाले, "न्हाई वाचली तर पुन्हा तिला कुठं उभी करू नको."

एवढं सगळं त्या पाळीवर अवलंबून होतं.

आईने उपाय काढला होता. वस्तीत घरांचा क्रम ठरलेला असतो आणि प्रत्येक घर साधारण तेवढंच वाचतं. त्यामुळे दरवर्षी आमच्या वाट्याला एकच भाग यायचा, नदीच्या पाण्यावरून दोन राज्यांत झालेल्या भांडणाचा. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना तो फार आवडतो, कारण कॅनलच्या पाण्यावरून आमच्याकडेही तेच चालतं. वाचताना मध्येच कोणीतरी म्हणायचं, "बघा, तवापासून हाय हे." आईने मला तो भाग माझ्या आवाजात वाचून पाठवायला सांगितला. धाकटी तो ऐकून पाठ करणार, मग पानावर बोट ठेवून म्हणणार.

मी फोनवर म्हणाले, "माय, हे वाचणं न्हाई. पाठ करणं हाय."

"मग काय झालं? तोंडात वाक्य नीट असलं आन् बोट अक्षरावर असलं, का अक्षराची वळख पडती. आमच्या वर्गात बाईनं असंच शिकवलं आमाला."

"तुला पडली, तिला न्हाई पडली तर?"

"तू कालिजात गेल्यापासून लय तर-बिर करायलीस," आई म्हणाली. "आवाज पाठव."

मी पाठवला. होस्टेलच्या गच्चीवर जाऊन, कोणी ऐकू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून वाचला. धाकटी तो कापूस खुरपताना ऐकायची, भाकरी करताना ऐकायची. आठवड्याभरात तिने मला सगळा भाग परत म्हणून पाठवला. एक शब्द सोडला नव्हता. मी जिथे श्वास घेतला होता, तिथेच तिनेही घेतला होता. आनंद व्हायला हवा होता, पण मला तुरीचं रान आठवलं.

पाळीच्या दिवशी मी परभणीहून एसटीने पाथरीला आणि तिथून जीपने घरी पोचले, तेव्हा दुपार कलली होती. धाकटी अंगणात पांढरा ड्रेस झटकत होती. चूल पेटलेली, खीर चढवलेली. भिंतीपलीकडून चुलती डोकावली.

"काय ग, आज वाचणार म्हणं तू?"

"हो काकू."

"बरं झालं बाई. आमी आपल्या खिरीपुरतं येतो."

"या की. खीर गोड हाय, वाचणं फुकट हाय," धाकटी म्हणाली. चुलती हसत आत गेली. धाकटीचं हसणं मात्र लगेच गेलं. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, बोट कोणत्या ओळीवर ठिवू? चुकीच्या ओळीवर गेलं तर लांबून दिसतं का?"

"न्हाई दिसत."

"खरं?"

"खरं."

आई म्हणाली की काल संध्याकाळी लाइट गेली होती, भोंगा बंद होता, म्हणून त्या दोघी विहारात गेल्याच नाहीत. घरीच दिव्यासमोर बसून सराव केला, शेवटचा म्हणून. "पाण्यावानी म्हणायलीय," आई म्हणाली. मला त्यात काही खटकलं नाही.

संध्याकाळी विहार भरला. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. वडील अडतीवरून थेट आले होते, खांद्यावरचा टॉवेलही काढला नव्हता. ते दारापाशी बसले, बाहेर पडायला सोपं जाईल असे. वंदना झाली. मग रोजच्या रीतीप्रमाणे विहाराची देखभाल करणाऱ्या आजीने ग्रंथ उघडून खुणेच्या दोऱ्यापाशी चौरंगावर ठेवला. धाकटी उठली, मूर्तीला वंदन केलं, माइकसमोर बसली आणि पानावर बोट ठेवलं.

तिने सुरू केलं. आवाज स्पष्ट होता, माझ्यापेक्षा चांगला. मी आईकडे पाहिलं. आईचे ओठ बरोबरीने हलत होते. पहिली काही वाक्यं अशी गेली, आणि मग पुरुषांच्या बाजूला चुळबुळ झाली. कोणीतरी कोणाच्या तरी कानात बोललं. पुढे बसलेले एक काका आहेत, परभणीला कचेरीत कारकून होते, आता निवृत्त होऊन गावी राहतात. ते चष्मा वर करत म्हणाले, "बाळ, हे काल झालं. दोऱ्याच्या पुढचं वाच."

नंतर कळलं ते असं. आदल्या संध्याकाळी त्यांची पाळी होती. माइक बंद असल्यामुळे वेळेचं कोणाला भान नव्हतं, आणि त्यांना स्वतःचा आवाज आवडतो. ते वाचत गेले, वाचत गेले आणि आमच्या वाट्याचं पाण्याचं भांडण संपवूनच उठले. आणि त्याच संध्याकाळी माझी आई आणि बहीण घरी बसून तोच भाग पाठ करत होत्या.

धाकटी थांबली. तिने पानाकडे पाहिलं. बोट तसंच होतं. माइक चालू होता आणि भोंग्यातून तिचा नुसता श्वास ऐकू येत होता. आत, बाहेर, सगळ्या वस्तीवर. माणसाचा श्वास एवढा मोठा असतो हे मला माहीत नव्हतं. आता कोणीतरी हसणार, असं मला वाटत होतं. आणि कोणी हसलं नाही तरी ती उठून दारातून जाणार, बाहेर अंधार पडत आलेला, आणि रानं आता सगळीकडे उंच झालेली. मी उठायला हवं होतं. पण मी जागेवरच बसून राहिले. दारापाशी वडील अर्धे उठले होते. ते तिला अडवायला उठले होते की घेऊन जायला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात आई उठली. पदर सारखा करत ती पुढे गेली, धाकटीच्या शेजारी मांडी घालून बसली आणि तिचं बोट उचलून दोऱ्याच्या पुढच्या ओळीवर ठेवलं. मग स्वतः वाकली, कपाळ जवळजवळ पानाला टेकेपर्यंत, आणि वाचायला लागली.

मी आईला असं वाचताना लहानपणापासून ऐकलंय. किराणा दुकानाची पाटी, औषधाची बाटली, माझ्या निकालाचा कागद. ती अक्षरं एकेक करून काढते, मटकीतले खडे काढावेत तशी. मध्येच मागे जाते. काना राहिला की परत येते. तिच्या तोंडून शब्द कधी अख्खा निघत नाही. आणि तो आवाज आता भोंग्यातून चालला होता. जिने वीस-पंचवीस वर्षं लोकांसमोर वाचायचं टाळलं, ती बाई तुटत तुटत वाचत होती. मी मान खाली घातली.

पण धाकटीने मान वर केली. ती आईचं ऐकत होती. आई एकेक अक्षर टाकत गेली, आणि ओळ संपायच्या आत धाकटीने ते सगळं जोडून माइकमध्ये एक अख्खं वाक्य म्हटलं. स्पष्ट, सावकाश, अर्थ लागेल असं. आईने पुढची ओळ घेतली. पुन्हा तसंच. एके ठिकाणी आई एका जोडाक्षरावर अडकली, पुन्हा पुन्हा तिथेच धडपडली, तेव्हा धाकटी माइकमध्येच म्हणाली, "कळलं मला, फुडं चल." बायकांच्या बाजूला कोणीतरी हसलं. पण ते हसणं वेगळं होतं.

वेळ लागला. खूप लागला. खिरीवर साय धरली. लहान पोरं झोपली. एक पानही पुरं व्हायला आलं नव्हतं, तेव्हा ते निवृत्त काका आईला म्हणाले, "ताई, राहिलेलं मी वाचतो, उशीर व्हायलाय."

आजी भिंतीला टेकून बसली होती. तिने डोळेही उघडले नाहीत. "तू काल लय वाचलास बाबा. गप बस आता."

पान पुरं झालं. खीर वाटली. चुलतीने दोनदा घेतली आणि धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला.

घरी आलो. आईने भांडी ठेवली आणि वडिलांपुढे उभी राहिली. "वाचलं का न्हाई?"

"तू वाचलंस," वडील म्हणाले.

"मी नुसती अक्षरं काढली. वाक्य तिनं केलं."

"परीक्षेत तू बसणार का शेजारी तिच्या?"

 आई माझ्याकडे बघायला लागली. मला कधीच धीटपणे बोलता येत नाही, घरातही नाही. तरी म्हणाले, "पप्पा, बसता येतं कुणाला तरी. वाचून दाखवायला, लिहून घ्यायला. नियमात हाय. पण तो कागद लागतो, दवाखान्याचा."

वडील टॉवेलची घडी करत राहिले. आई चुलीकडे तोंड करून बसली होती. तिला तो कागद नको होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. शेवटी धाकटीच म्हणाली, "कागदावर लिहिलं म्हणून मी दुसरी होणार हाव का, माय?"

 दुसऱ्या दिवशी वडील पाथरीहून आले ते नाव घालूनच आले. सांगितलं नाही, शाळेची पावती फक्त खिडकीत ठेवली. आणि आई मला म्हणाली, "कोणत्या वारी तपासायलेत ते इचार."

मी दवाखान्यात जाऊन विचारून आले. ठरल्या दिवशी आई आणि धाकटी परभणीला आल्या. मी स्टँडवर उभी होते. ऑटोने आम्ही दवाखान्यात गेलो आणि एका लांब ओट्यावर बसून राहिलो. समोर दारांवर पाट्या होत्या. आई एकेका पाटीची अक्षरं काढायची, धाकटी जोडायची, आणि जोडलेलं बरोबर आहे का म्हणून दोघी माझ्याकडे बघायच्या. मग धाकटीचं नाव पुकारलं. आईही उठली. शिपाई म्हणाला, "पोरीला एकटीलाच सोडा."

दार लागलं. आईला पुन्हा बसवत नव्हतं. ती दाराशी उभी राहिली, कान लावून. आत बहुतेक धाकटीपुढे एखादं पान ठेवलं असेल, आणि बोट कोणत्या ओळीवर ठेवायचं हे सांगायला जवळ कोणी नसेल. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. आईने इतकी वर्षं एकच गोष्ट मागितली होती, आणि आज ती दाराशी उभी राहून काय मागत असेल, हे मला कळेना. मला तिला विचारायची भीती वाटली.

ती माझ्याकडे वळली. चेहरा उतरलेला होता.

"आज तिला न्हाई आलं वाचता," तिने हळूच विचारलं, "तरी चालतंय ना ग?"

मी हो म्हणाले. आई पुन्हा दाराकडे तोंड करून उभी राहिली.